मशीनसाठी बांधलेली सावली

रमिलाबाईच्या नाकावर राग असतो, असं पथारीवरच्या बाया म्हणायच्या. पण तो राग तिथं उगाच येऊन बसलेला नव्हता. नंदुरबारच्या शिवेवर मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत घालतात, ती ही पथारी. तिथं दिवसभर उन्हात बसून मिरचीचे देठ खुडण्यात तिची अर्धी हयात गेली होती. आता ती बायांची मुकादम होती आणि दर हंगामात मालकाकडे, चुडामणशेठकडे, एकच गोष्ट मागायची. बायांना बसायला चार पत्र्यांची सावली. शेठचं उत्तरही ठरलेलं. मिरचीला ऊन लागतं, पथारीवर सावली कशाला? वर स्वतःच हसायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मजुरी त्याच्याच हातात, म्हणून दातओठ खात ती पुन्हा देठ खुडायला बसायची.

यंदा मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. तिची सून रिना अंगावर पिणारी पोर घेऊन कामाला येत होती. तीन काठ्या उभ्या करून वर गोणपाट टाकलेलं, खाली झोळी. मिरचीची धूळ त्या झोळीतही शिरायची आणि पोर खोकून खोकून लालबुंद व्हायची. धुळीत ठेवू नका, छाती खराब होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रिना घरी बसली तर चूल कशी पेटणार? रमिलाबाई पुन्हा शेठकडे गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. शेठ फोर्कलिफ्ट घेण्याच्या गडबडीत होता.

मिरचीची पोती आता मशीननं उचलून गोदामात थप्पीला लावायची होती. त्यासाठी त्यानं तीन नावाजलेल्या कंपन्यांना आपापली मशीन घेऊन पथारीवर बोलावलं. मशीनना फिरायला जागा हवी म्हणून बायांनाच मधली मिरची झाडून बाजूला करायला लावली. नारिंगी आणि पिवळी डिझेलवरच्या, पांढरी बॅटरीवरची. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याभोवती फिरतात तसा शेठ तिन्ही मशीनभोवती फिरला. वजन किती उचलते, किती उंच नेते, पार्ट सुरतेहून येणार की नाशिकहून, बिघडली तर माणूस कधी येणार, सगळं खोदून खोदून विचारलं. पांढरीला पाच वर्षांची वारंटी, बाकी दोघींना त्याहून कमी.

रमिलाबाई शेजारीच देठ खुडत ऐकत होती. नारिंगीवाला सांगत होता, ड्रायव्हरच्या डोक्यावर भक्कम छत आहे. पिवळीवाला म्हणाला, आमच्या सीटवर दिवसभर बसा, पाठ दुखणार नाही. शेठ कौतुकानं मान हलवत होता. देठ खुडणाऱ्या बायांनाही डोकं असतं, पाठ असते, हे या माणसाला कधी सुचलं नव्हतं. मग पांढरीवाल्यानं सांगितलं की मशीनला पक्कं शेड लागेल. खाली काँक्रीट, वर पत्रे, हवा खेळती. ऊन आणि धूळ बॅटरीला चालत नाही, वारंटी जाते. बरोबर आहे, शेठ म्हणाला, नाजूक वस्तू आहे. रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या पोरीला चालते ती धूळ बॅटरीला चालत नव्हती.

तरी शेठचं मन नारिंगीवर बसत चाललं होतं. ताकदीची मशीन, उन्हात उभी राहते, शेडचा खर्च नाही. हे ऐकलं आणि रमिलाबाई उठली. तोंडावर बांधलेलं फडकं खाली ओढून कंपनीवाल्यांच्या देखत शेठसमोर उभी राहिली.

"धूरनी मशीन आनशात ते आम्ही समद्या उठी जासूत, शेठ. आनी मिरचीले डिझेलना वास लागना ते लेवाले कोन ई?"

मशीनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पांढरीला छप्पर लागतं, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. बाया उठून जातील याची शेठला फिकीर नव्हती, पण वासाचं त्याला लागलं. परगावचा व्यापारी मिरची हातात घेतल्या घेतल्या आधी हुंगतो. पांढरी ठरली.

शेड बघता बघता उभं राहिलं. काँक्रीट झालं, पत्रे चढले, पंखा लागला. इतके हंगाम वाटाण्याच्या अक्षता लावणाऱ्या शेठला आता गवंडीही मिळाला आणि पैसाही. रमिलाबाई रोज ते बघायची आणि रोज जास्तच चिडायची.

मशीन ट्रकमधून उतरली त्या सकाळी शेठ हार-नारळ घेऊन शेडकडे आला. आत पंख्याखाली बाया बसल्या होत्या. आडव्या पाइपाला रिनाची झोळी बांधलेली होती आणि रमिलाबाई तिला झोका देत होती. शेठ ओरडला, हे मशीनचं शेड आहे, उठा. सुपरवायझर भाईदास पुढे झाला, पण एकही बाई जागची हलली नाही. कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, मशीन उन्हात उभी आहे साहेब. रमिलाबाईनं झोका थांबवला नाही.

"मशीनले पाच वरीसनी वारंटी शे, शेठ. ह्या पोरले काय शे?"

 कंपनीच्या माणसानं मान खाली घातली. शेवटी भाईदासनं मिरचीवरची ताडपत्री ओढून आणली आणि मशीनवर टाकली. बाया उठेनात आणि वारंटी जायला नको, म्हणून शेठनं दुपारच्या आत आणखी पत्र्यांची ऑर्डर दिली. मशीनला दुसरं शेड.

जिंकलो, असं बाया म्हणाल्या तर रमिलाबाई त्यांच्यावरच उखडली. कसलं जिंकणं? माणूस म्हणून मागत होतो तेव्हा फुटका पत्रा मिळाला नाही. छप्पर आलं ते मशीनसाठी, आणि दुसरं येणार तेही मशीनसाठीच. त्या दिवशी झोळीतली पोर खोकली नाही.