पडद्यावर नसलेले हत्ती

एसटीला हात दाखवावा तसा हात वर करून सर म्हणायचे, "थांबा! हे चुकलं!" टीव्ही थोडाच थांबतो? पण आमच्या खोलीत जमलेली माणसं थांबायची.

चाळीसगावच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी गणित. घरं शेजारी-शेजारी. टीव्ही माझ्याकडे, म्हणून रविवारी सकाळी राजेरजवाड्यांची मालिका लागली की सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, चटईवर येऊन बसत. तुम्हीही तेव्हा अशा मालिका पाहिल्या असतील. सरांबरोबर पाहिल्या नसतील. दारात राणीची नथ डावीकडे, महालात शिरली की उजवीकडे. सैनिकाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वळ. मुदपाकखान्यात मिरच्यांची रास दिसली तेव्हा तर सर उभेच राहिले. "अहो, मिरची आणणारं पोर्तुगीजांचं जहाज अजून समुद्रातसुद्धा नाही!"

अक्का पिंपळनेरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. हसून म्हणत, "राहू द्या ना. माले राणी देखू द्या."

मग अक्कांची नजर जाऊ लागली. धुळ्याच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या, उपाय निघाला नाही. आधी सुई दिसेना, मग दाराची चौकट, मग सरांचा चेहरा. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. एका रविवारी सर त्यांना हाताला धरून आमच्याकडे घेऊन आले. "तू ऐक. मी सांगतो."

पडद्यावर पुठ्ठ्याचा महाल होता आणि दोन कंटाळलेले भालदार. सर हलक्या आवाजात सांगत होते, "तापीकाठी तळ पडलाय. धुकं आहे. हत्ती पाण्यात उतरताहेत, सावकाश. राणीनं हिरवा शालू नेसलाय, तुझ्या लग्नातल्यासारखा."

आमचा टीव्ही काळा-पांढरा होता.

मी चमकून पाहिलं. सरांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्या माणसानं एका मिरचीला माफ केलं नाही, तो बिनदिक्कत हत्ती सोडत होता. पुढं पुढं तर आम्हीही पडद्याऐवजी सरांकडेच बघू लागलो. बाहेर ऊन तापलेलं असे आणि खोलीत पहाटेचं धुकं उतरल्यासारखं वाटे.

एका हिवाळ्यात सर झोपेतच गेले.

बऱ्याच दिवसांनी अक्का माझ्या बायकोचा हात धरून आल्या. मालिका लागली. कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी घसा साफ केला. "अक्का, नदी आहे... हत्ती..."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हत्ती नव्हतात ना?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"माले ठाऊक शे. एवढाले हत्ती, आन् आवाज नही!" त्या हसल्या. "पन ते सांगेत ना, तवय माले धुकं, हत्ती, शालू, बठ्ठं दिखे."

मी टीव्ही बंद केला. अक्का तशाच बसून राहिल्या, चटईवर शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.