इन्शिराहबाईंचं नीश

इन्शिराहबाईंनी नीश विकायला काढलं ते हौसेनं नव्हे. खुब्याचं हाड मोडलेली त्यांची धाकटी बहीण तहानी गुरुवारी इस्पितळातून त्यांच्याकडे यायची होती. मुहर्रम बेक वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आजाऱ्याची खाट मावायची, तर भिंतभर पसरलेलं ते काचेचं कपाट हलायलाच हवं होतं, आणि खाट यायची तीही त्याच्याच पैशांतून. लग्नात बाईंबरोबर आलेलं, एकतीस वर्षं चिनी मातीची भांडी पोटात घेऊन नुसतं उभं राहिलेलं हे नीश. ते जाणार याचं त्यांना काही वाटत नव्हतं. शिसारी आली ती गिऱ्हाइकांची.

शेजारच्या नेर्मीननं फोटो काढून फोनवर जाहिरात टाकली. किंमत ठळक लिहिली होती, सात हजार पौंड. तरी दर दुसरा निरोप तोच, "शेवटचे किती?" सलाम नाही, दुवा नाही, थेट ताटात हात. एकाला नुसती काचेची दारं हवी होती. एकानं पैशांऐवजी कबुतरं देऊ केली, वर "जातिवंत आहेत" म्हणून हमीही दिली. एकीनं विचारलं, "घरात कुणी मेलं म्हणून विकताय का? तसं असेल तर अर्ध्यात द्या." आणि एका महाभागानं फोटो मोठा करून पाहिला असावा. "काचेत दिसताय त्या तुम्हीच का? एकट्याच राहता?" बाईंनी फोन ओट्यावर पालथा घातला आणि दोन्ही हात साबण लावून धुतले.

बुधवारी दुपारी इंजिनियर रुश्दी बायकोला आणि दोन हमालांना घेऊन आले. पॉलिशवर नख ओढून पाहिलं, खण उघडून आत नाक खुपसलं. "वाळवीचा वास येतो, ताई." बाईंनी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी पुदिना घालून दुसरा मागितला आणि साखर कमी आहे म्हणाले. तासभर घासाघीस करून सहा हजारांवर आले. हमालांनी पट्टे आवळले. दाराशी आल्यावर साहेबांनी खिशात हात घातला. "मग, काय द्यायचं?"

बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "खल्ली, साहेब! राहू द्या. तुमच्याकडून काय घ्यायचं?"

टॅक्सीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत अख्खं शहर हेच म्हणतं, आणि समोरचा "छे छे" करत पैसे हातात कोंबतो. या शब्दावर आजवर कुणी भाजीची जुडीसुद्धा फुकट नेलेली नाही.

"अल्ला तुमचं भलं करो, ताई," रुश्दी म्हणाले आणि हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. "उचला रे!"

म्हातारा हमाल गाबिर जागचा हलला नाही. "साहेब, अहो, ती बोलायची रीत असते."

"रीत कसली? बाई राजीखुशीनं देतायत. माझी बायको साक्षीला आहे." बायको फरशीकडे बघायला लागली.

बाईंनी त्यांच्या उष्ट्या कपाकडे पाहिलं. असल्या माणसाला आपण आपल्या कपातून चहा पाजला!

"ते मी पाहुण्याला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पाहुणा दोन चहा ढोसून गेला. आता दारात गिऱ्हाईक उभं आहे. सहा हजार. ठेवा इथे."

"शब्द फिरवताय?"

"हो, फिरवतेय. आणि तुमच्या तोंडासमोर मोजूनही घेणार आहे."

गाबिरनं खांद्यावरचा पट्टा काढला आणि तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. साहेबांनी पैसे काढले. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी घरी आलेल्या माणसासमोर नोट न् नोट मोजली. संध्याकाळी खाट आली.

गुरुवारी रुग्णवाहिकेच्या माणसानं तहानीला खुर्चीत बसवून चार मजले वर आणलं. त्याचा सदरा घामानं भिजला होता. बाईंनी पन्नासाची नोट पुढे केली.

"खल्ली, मावशी! तुमच्याकडून घेऊ होय? बहीण बरी होऊ दे."

बाईंनी "छे छे" म्हणायला हवं होतं. हा खरंच नको म्हणतोय का, ते त्या त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिल्या. नोट धरलेला हात तेवढ्यात पर्सकडे वळलाही होता. त्यांचं त्याकडे लक्ष गेलं आणि त्यांना त्या हाताची किळस आली.