मेन कोणी बंद केला

रत्नागिरी ते हेदवी म्हणजे काही विलायत नव्हे. जयगडपर्यंत एसटी, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून तवसाळ, पुढे रिक्षा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी माझ्या मथुरामावशीला दोन वर्षं एवढं अंतर कापता आलं नव्हतं. इकडे हेदवीला माझी आई, तिची एकुलती एक बहीण गोदू, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी तिचा एकच प्रश्न, "समीक्षा, मथुरा कधी येतेय गो?"

आडवा येत होता मावशीच्या यजमानांचा, आत्मारामकाकांचा, ॲम्प्लिफायर.

काका जहाजावर इंजिनरूममध्ये तेलवाले होते. तीस वर्षं समुद्रावर काढली आणि जपानच्या कुठल्याशा बंदरातून हे धूड घरी आणलं. सोबत दोन स्पीकर, प्रत्येकी लहान कपाटाएवढा. एकदा दोघं चिपळूणला लग्नाला गेली नि परत आली तेव्हा ॲम्प्लिफायर दोन दिवस चालूच होता. वरचा क्रोशाचा रुमाल करपून तपकिरी झाला होता, खोलीभर जळका वास. काका हादरले. जहाजावर पाळी बदलताना प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून बघायची त्यांची सवय; ती आता घरात सुरू झाली. कुलूप लावायचं, परत उघडायचं, बटणाला हात लावायचा. फाटकातून परत. स्टँडवरून परत. एकदा तर मालगुंडहून परत. आणि प्रत्येक वेळी पिशवी घेऊन मागून मावशी.

आम्ही हसायचो. काकांची नक्कल करण्यात तर माझा हात कोणी धरला नसता. मावशी मात्र हसायची नाही. घरी येऊन पिशवीतली लुगडी पुन्हा कपाटात लावायची. लावता लावता मध्येच पलंगावर बसायची आणि तशीच बसून राहायची.

"तू एकटी ये ना," मी फोनवर चिडून म्हणायची.

"त्यांना एकटं कसं ठेवू गो?"

मला वाटायचं, झालं हिचं पतिव्रतापण सुरू. आणि मी फोन आपटायची.

शेवटी दिवाळीत पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा अजिंक्य आला, तो पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर घेऊन. डबीत एकच पट्टी, तिच्यावर सगळं बसवलेलं. ती ॲम्प्लिफायरच्या मागे जोडली. फोनवरून अभंग लावला की ती डबी आपणहून ॲम्प्लिफायर चालू करणार. गाणं थांबून दहा मिनिटं झाली की आपणहून बंद. वर काकांच्या फोनवर एक ठिपका. तांबडा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. जगात कुठंही असा, ठिपका बघा आणि निवांत राहा. काका महिनाभर बाजारात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत ठिपका बघत होते. परत फिरणं थांबलं. मग मावशीनं चार दिवसांचे कपडे भरले, फ्रिज रिकामा केला, आणि मला कळवलं, "गुरुवारी येतो."

गुरुवारी निघताना काकांनी पडवीतला मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला. आपल्याकडची माणसं चार दिवस घर सोडताना करतातच ते. मावशी कुलूप घेऊन शेजारीच उभी होती. पण मेन गेला म्हणजे घरातलं इंटरनेट गेलं आणि ती डबीही मेली, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मालगुंडला काकांनी फोन काढला. ठिपका राखाडी. "रेंज नसेल," मावशी म्हणाली. जयगडच्या धक्क्यावर रेंज भरपूर होती. ठिपका राखाडीच. खाली लिहिलेलं, संपर्क नाही. काका पुन्हा पुन्हा ठिपका दाबत राहिले. तेव्हा मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, मेन बंद केलात ना? मग ती डबी सांगणार कशी?"

"मी मेनला हात नाय लावला."

"माझ्यासमोर लावलात!"

"उगाच कायतरी सांगू नकोस. मला आठवला नसता काय? चल, मागं फिर."

बोट लागली होती. गाड्या चढत होत्या. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या हातातून आपली पिशवी ओढून घेतली. "तुम्ही त्या डबीवरच विश्वास ठेवा. मी गोदूकडे जातंय." त्यांना परतीच्या एसटीत बसवलं, शेजारच्या दीपालीला फोन करून लक्ष ठेवायला सांगितलं, आणि ती एकटी बोटीत चढली.

दुपारी आमच्या अंगणात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. आईनं तिला बघितलं आणि दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. मग मावशीनं जेवता जेवता धक्क्यावरचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंस. एकदा असंच करायला हवं होतं."

चारच्या सुमारास काकांचा फोन आला. मावशीनं स्पीकर लावला.

"पोचलो गो. सगळा बंद हाय. मेन खाली होता. म्हणजे... मीच केला होता काय गो?"

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. लहान पोरासारखा, घाबरलेला.

मावशीनं डोळे मिटले. "नाय हो. मी केला. तुम्ही पायरीवर चपला घालत होतात."

"मग धक्क्यावर माझं नाव का घेतलंस?"

"चूक झाली. कबूल करायची लाज वाटली."

काकांचा आवाज एकदम चढला. "काय बाई हायस! एवढ्याशा लाजेपायी मला उन्हातून परत धाडलंस. डोकं ठिकाणावर हाय काय तुझं?" पाच मिनिटं ते बोलत होते. मावशी "हो, हो" म्हणत राहिली. ओरडण्यात त्यांची भीती निघून गेली, ते मलाही ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तूच तर म्हणालीस ना, त्यांनी तुझ्यासमोर..."

"परवा मला विचारत होते, अजिंक्य यंदा कितवीत हाय म्हणून." मावशी हळूच म्हणाली. "असं विसरायला लागून वर्ष झालं असेल. कोणाला सांगितलं नाय मी."

मला तोंड वर करवेना. ज्याला मी पतिव्रतापण म्हणत होते, ते हे होतं.

"उद्या पहिल्या बोटीनं जाते," ती म्हणाली.

आईचे कान अजून तिखट आहेत. "चार दिवस म्हणाली होतीस ना गो?"

मावशी तिच्या उशाशी जाऊन बसली. "आजची रात्र हाय ना, गोदू," ती म्हणाली, आणि तिच्याच अंथरुणावर आडवी झाली.