रेवाच्या व्हायोलिनला खोबरेल

व्हायोलिनच्या केसांना मी खोबरेल तेल लावलं, हे खरं आहे. तुमचा बाबा ही गोष्ट तिकडे न्यूझीलंडमध्ये तिखटमीठ लावून सांगतो असं कानावर आलं, म्हणून रेवा आणि नील, खरी हकीकत मीच लिहून ठेवते.

गेल्या वर्षी तुमचे आईबाबा नवीन घर लावत होते आणि तुम्ही दोघं दोन महिने भिवंडीला आमच्याकडे होतात. रेवा सात वर्षांची, नील पाच. सोबत रेवाचं एवढंसं व्हायोलिन आणि आईची चिठ्ठी: ‘रोज वीस मिनिटं सराव घ्यावा.’ चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला एवढा हुकूम पुरे! मी वेळापत्रक आखून फ्रिजवर चिकटवलं आणि व्हायोलिनची पेटी साफ करायला घेतली. कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेला, चिक्कीसारखा तपकिरी तुकडा निघाला. मुंग्या लागतील म्हणून तत्काळ फेकून दिला. (पुढचं सगळं रामायण या स्वच्छतेतून झालं!)

दुसऱ्या दिवशी सरावाला बसताना रेवा म्हणाली, "आजी, आधी रोझिन."

"रोझिन नव्हे बाळा, रेझिन. मनुकेला रेझिन म्हणतात. नीट उच्चार कर." आणि मी तिच्या हातावर पाच मनुका ठेवल्या.

रेवा मनुकांकडे बघत राहिली. "हे खायचं असतं?"

"मग काय कानात घालायचं? तिकडे काय करता?"

"माहीत नाही. रोझिनचं आई बघते."

झालं! रोज सरावाआधी पाच मनुका सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी नीलनेही जाहीर केलं की त्यालाही व्हायोलिन शिकायचंय. तो लाटणं खांद्यावर धरून बसायचा आणि मनुका संपल्या की उठून जायचा.

एकच गोष्ट मला कळेना. व्हायोलिनचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. गज, म्हणजे ती घोड्याचे केस ताणून बसवलेली काठी, तारांवरून नुसतीच घसरायची. आजोबा पेपरमागून म्हणाले, "छान प्रगती आहे. आज तर काहीच ऐकू आलं नाही."

रेवाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रविवारी बाबाचा वाढदिवस होता. तिला फोनवर त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं वाजवायचं होतं, अख्खं, एकही सूर न चुकता. त्यासाठी ती वीसच्या जागी चाळीस मिनिटं घासत होती. (वेळापत्रक मोडलं म्हणून मी रागावले नाही, यावरून काय ते समजा.)

शुक्रवारी तिकडच्या टीचरचा व्हिडिओवर क्लास होता. टीचर म्हणाली, "गजाचे केस अगदी कोरडे दिसतायत. शेवटचं कधी लावलं होतं तुम्ही..." आणि नेटवर्क गेलं.

पण मला कळायचं ते कळलं. केस कोरडे! शनिवारी सकाळी तुम्हा दोघांच्या डोक्याला तेल लावून झालं, वाटीत थोडं उरलं होतं. मी गज मांडीवर घेतला.

"आजी, व्हायोलिनला तेल लावतात?" रेवाने विचारलं.

"केस ते केस. घोड्याचे असले म्हणून काय झालं?"

"आजीला सगळं येतं," रेवा नीलला म्हणाली. अजूनही हे वाक्य आठवलं की मला कसंतरी होतं. मी दोन्ही बाजूंनी तेल मुरवलं. बारीक कंगव्याने विंचरलंसुद्धा. नील म्हणाला, "आता वेणी घाल."

तासाभराने रेवाने गज तारांवर फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. टाचणी पडल्याचाही आवाज नाही! तिने व्हायोलिन हळूच पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "मी बाबाला नुसतं तोंडाने म्हणून दाखवीन." ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी गज उचलला आणि तडक खाली इस्माईलचाचांकडे गेले. चाचा लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, मिस्त्री. काहीही बिघडलं की आमची बिल्डिंग त्यांच्याकडे जाते. त्यांनी केसांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"बाई, नारियल तेल?"

"कोरडे झाले होते."

"पट्टे को कोई तेल पिलाता है क्या? लूमचा पट्टा घसरायला लागला की आम्ही राळ लावतो, राळ! पकड येते. ये भी पट्टाच आहे, बाई. छोटा."

त्यांनी स्पिरिटमध्ये कापड बुडवून, लाकडाला थेंब लागू न देता, केस तीनदा पुसून दिले. मग फळीवरून एक डबा काढला. आत, मी फेकलेल्या त्या चिक्कीचा सख्खा भाऊ बसला होता.

"ये राळ. अंग्रेजी में रोझिन."

डब्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत तेच लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. उच्चार रेवाचा बरोबर होता.

घरी आल्या आल्या मी तिला सगळं कबूल केलं: चिक्की, मनुका, तेल, सगळं. ती गंभीरपणे म्हणाली, "इट्स ओके, आजी. तू शिकतेयस ना अजून." मग आम्ही दोघींनी मिळून केसांना राळ घासली.

रविवारी दुपारी बाराला फोन लागला. रेवाने हनुवटी टेकवली. असा काही भरदार सूर निघाला की आजोबांनी पेपर खाली ठेवला! दोन सूर चुकले, ती थांबली नाही. संपलं तरी पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, पुन्हा नेटवर्क. मी फोन हलवला, तेव्हा दिसलं, तुमचा बाबा चष्मा काढून डोळे पुसत होता.

पुढच्या क्लासला टीचर खूश! "आवाज एकदम दमदार झालाय. आजी, कोणतं रोझिन वापरता?"

जन्मभर मी मुलांना बजावलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं ते पूर्ण वाक्यात. मी पदर सारखा केला, ताठ बसले आणि म्हणाले, "लोकल."