गुरुवारचा डबा

"मी कोण हो? मी नुसता अडकित्ता. चालवणारे महाराज."

आमच्या शाळेचे हेडक्लार्क हे म्हणत आणि हाताकडे न बघता सुपारी कातरत. केसासारखी बारीक. श्रीवर्धनात सुपारीच्या बागांचे वाडीवाले पुष्कळ, पण अशी कातरलेली सुपारी मी दुसरीकडे पाहिली नाही. स्वतः मात्र चिमूटभरही तोंडात टाकत नसत.

दर गुरुवारी अर्धी रजा टाकून ते सुपारीचा डबा घेऊन एसटीने म्हसळ्याला महाराजांच्या मठात जात. सुट्टीत मीही सोबत जाई. महाराजांच्या उजव्या हाताची जागा यांची. तिथे दुसरा कोणी बसला, तर तो उठेपर्यंत हे खोकत राहत. असा नम्र माणूस तुम्हीही पाहिला असेल.

पुढे महाराजांच्या तोंडात जखम झाली. डॉक्टरांनी सुपारी बंद केली, तसा मेसेज मठाच्या ग्रुपवरही आला. तो हेडक्लार्कनी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "परीक्षा बघतायत माझी."

त्या गुरुवारी मी सोबत होतो. यांनी डबा पुढे सरकवला. महाराज यांच्याकडे बघत राहिले, मग हसले आणि चिमूटभर उचलून तोंडात टाकली.

परतताना हे खुशीत होते. "बघितलंत, मास्तर? माझी सुपारी सुटत नाही त्यांना!"

मी मान डोलावली. खडसावायला हवं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

डबा जातच राहिला. वर्षभरात महाराज गेले.

त्यानंतर आम्ही मठात जेवायला बसलो होतो. स्वयंपाकाच्या बाई वाढता वाढता यांना म्हणाल्या, "तुम्ही गेलात की तासभर तोंडात गार पाणी धरून बसायचे. आग व्हायची. मी बोलले, नाही सांगा की त्यांना. तर म्हणाले, त्याच्याकडं मला द्यायला तेवढंच हाय. न्हाय कसं म्हणू?"

हे पानावरून उठले. अडकित्त्याचं ते वाक्य त्यानंतर मी कधी ऐकलं नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. गुरुवारच होता. ओटीवर सुपारी कातरत होते. गाल सुजलेला, तोंड धड उघडत नव्हतं. तरी बोटांनी ओठ फाकवून त्यांनी चिमूट आत सारली.

"सोडा हो ती," मी अखेर ओरडलो. "चला डॉक्टरांकडे."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा, मास्तर. अजून तेवढं जळत नाही."