निळा अधिक नारिंगी

मला स्वस्थ बसता येत नाही, एवढाच माझ्यात दोष आहे. (बाकीचे बायको सांगते.)

आमच्या श्वेताला बघायला हळर्णची मंडळी संध्याकाळी येणार होती. धारगळच्या घरात सगळी तयारी झालेली. मी मात्र नुसती उठबस करत होतो. हॉलची भिंत एकदम फिकट वाटायला लागली! बाल्कांवाला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लावून उरलेला निळा रंग होता, कुंपणाचा नारिंगी होता. हे दोन रंग एकमेकांना खुलवतात, असं मोबाइलवर बघितलं होतं. ओतले दोन्ही एका बालदीत!

खुलणं राहिलं बाजूला, झाला चिखल. नारिंगी वाढवला, तांबूस चिखल. निळा वाढवला, काळपट चिखल. म्हटलं, भिंतीवर गेला की उजळेल! अर्धी भिंत झाली आणि बायको आली. तिचं माहेर सुर्लाचं, खाणीजवळ.

"अवो, हें कितें? त्या धुळीतून सुटून मी इथे आले, नि तुम्ही तीच बालदीत कालवलीत?"

मागोमाग श्वेता. "बाबा, ते रंग शेजारी-शेजारी लावले तर खुलतात. मिसळले की मरतात! व्हिडिओ पुरा बघितलात ना?"

"अर्धा."

तेवढ्यात दारात गाडी! मंडळी लवकरच आली. मी बालदी-ब्रश सोफ्याखाली सारले. मुलाचे वडील, पांढराशुभ्र सदरा घालून, भिंतीकडे बघत राहिले.

"भिंतीक ओल आयल्या?"

"छे, छे! डिझाइन!"

"बरें आसा," म्हणत ते भिंतीला निवांत टेकले.

"टेकू नका!" आम्ही तिघंही ओरडलो. ते दचकून उठले. अख्खी पाठ चिखल! मी फडकं घेऊन धावलो आणि तो चिखल पार कॉलरपर्यंत नेला.

"बाबा, पुरे!" श्वेताच्या डोळ्यांत पाणी आलं. मोडलं, मुलीचं जमता जमता मी मोडलं!

आणि मुलगा फिस्सकन हसला. श्वेताही डोळे पुसत हसायला लागली. दोघांचं हसू काही थांबेना. वडिलांनी माझा सदरा चढवला (पोटावरची दोन बटणं लागलीच नाहीत!) आणि त्याच अवतारात होकार दिला.

परवा व्याह्यांचा फोन आला. "लग्नाआधी घर रंगवून घेतोय."

मी ताडकन उठलो. "कुठले रंग? थांबा, आत्ता निघतो!"

"म्हणूनच फोन केला," ते म्हणाले. "रंग सुकेपर्यंत येऊ नका."