एका आईच्या दोन खोल्या

लोक त्याला आरसा म्हणत. लहान इमारतींचे नकाशे काढून तो पोट भरी. चार बिऱ्हाडांचं घर आलं, की एकच बिऱ्हाड जीव ओतून काढायचं, मग ट्रेसिंग पेपर मधल्या भिंतीच्या रेषेवर दुमडायचा आणि दुसरं गिरवून घ्यायचं, ही त्याची रीत. स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून बसत, आणि कुणाला कमी, कुणाला जास्त अशी कुरबुर राहत नसे.

त्याच्याकडे दोन सख्खे भाऊ आले. जुनं घर पाडून नवं बांधायचं. खाली हे दोघे, वर भाडेकरू. घोडं अडलं होतं आईवर. थोरला म्हणे ती माझ्याकडे राहील, धाकटा म्हणे माझ्याकडे. शेवटी धाकट्याने माघार घेतली, तेव्हा कुठे कागदावर पहिली रेघ पडली. आईला कुणी विचारलं नव्हतं.

आरशाने थोरल्याच्या बाजूला, मधल्या भिंतीला लागून, एक उजेडाची खोली काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आईची खोली’. मग सवयीने कागद दुमडला. पलीकडे खोल्यांची उलटी उमटलेली नावं पुन्हा सुलटी लिहिताना हात चालत होता, मन जिन्याच्या मापात अडकलं होतं.

नकाशा पसरला त्या दिवशी आईही आली होती. धाकट्याने आपल्या बाजूच्या ‘आईची खोली’वर बोट ठेवलं. थोरल्याला वाटलं, यानेच मागल्या दाराने खटपट केली. आवाज चढले. आरशाने चूक आपल्या पदरात घेतली आणि शाई खरवडायला पातं उचललं.

“थांब रे,” आई म्हणाली. तिने चष्मा पुसला. “या दोन खोल्यांच्या मधे काय आहे?”

“भिंत.”

“मग ती खरवड. आणि मला जिन्याकडून वेगळं दार दे.”

थोरला म्हणाला, दोन मुलं असून आई वेगळी राहते, असं लोक म्हणतील. ती म्हणाली, लोकांना वरचं बिऱ्हाड भाड्याने दे. धाकटा हसला, मग थोरल्यालाही हसू आवरेना.

आरशाने विचारलं, मुलांच्या घरांत उघडणारी दोन दारं ठेवू की बुजवू?

“ठेव की. कड्या तेवढ्या माझ्या बाजूने.”

नकाशात कडी कुणी काढत नाही. त्याने दोन काढल्या.